पोलिसाला घाबरणारी रेती

आमच्या जिल्ह्यातल्या पोलिसांचं नवं मुख्यालय मी बांधलं. म्हणजे खर्च सरकारचा होता, नकाशा पुण्याच्या आर्किटेक्टचा होता, ठेका दुसऱ्याचा होता आणि घाम मजुरांचा होता. पण ठेकेदाराचा साइट सुपरवायझर मी होतो आणि ओरडणं सगळं माझं होतं. ओरडल्याशिवाय आमच्या भागात वीट विटेवर बसत नाही. मी तळमजल्यावरून "माल आण" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस तर यायचाच, पलीकडच्या साइटवरचेही दोघे घमेलं घेऊन धावत यायचे.

ही इमारत लवकर व्हावी अशी खरी तळमळ मात्र जगात एकाच माणसाला होती. तो मी नव्हे. आमच्या लोहा-सिमेंटवर पहारा करायला खात्यानं एक जमादार दिले होते, ते. उंचेपुरे, खाकीची इस्त्री अशी कडक की बसताना कापड मोडल्याचा आवाज यायचा. मिशी अशी की वळणावर आधी मिशी दिसायची, मागून जमादार. त्यांची नोकरी संपत आली होती, आणि आपला निरोप समारंभ नव्या इमारतीच्या हॉलमध्येच व्हावा असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्याला कारण होता त्यांचा मेव्हणा. बायकोचा थोरला भाऊ, ढाणकीत कापसाची अडत, आणि जीभ अशी की तिच्यावर वस्तरा घासून घ्यावा. हा मेव्हणा एकदा कामानिमित्त आला असताना जमादार त्याला जुन्या हॉलमध्ये एका हवालदाराच्या निरोप समारंभाला घेऊन गेले. साहेबांनी शाल पांघरली, सत्कारमूर्तीच्या हातात नारळ ठेवला, आणि त्याच क्षणी छताचं एक ढलपं सुटलं ते थेट नारळावर. नारळ हातातल्या हातात फुटला, पाणी साहेबांच्या शर्टावर. मी तिथं नव्हतो, पण ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मला ती शेंडीसकट दिसते.

मेव्हणा शेवटच्या रांगेत बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "जवाईबुवा, तुमच्या खात्यात नारळ फोडाले माणूस नाही ठेवत वाटते. छतच फोडते."

"माह्या टायमाले नवी बिल्डिंग राहीन साळेबुवा," जमादार म्हणाले. "लिफ्टनं वर नेईन तुमाले."

"नवी बिल्डिंग होईन तवा तुमी भिंतीवर राहसान. फोटोत. हार घालून."

झालं. ढाणकीतलं एकही लग्न, एकही बारसं असं राहिलं नाही की जिथं मेव्हण्यानं नारळाची गोष्ट सांगितली नाही आणि जमादारांनी भर पंगतीत "येजा, सारेच येजा माह्या निरोपाले, नव्या बिल्डिंगीत," असं आमंत्रण दिलं नाही. सासुरवाडीचं अख्खं गाव वाट पाहू लागलं. आता इमारत वेळेत झाली नाही तर जमादारांना उरलेलं आयुष्य ढाणकीला तोंड चुकवून काढावं लागणार होतं, आणि बायको ढाणकीची असताना ते कसं जमायचं?

काम सुरू व्हायच्या आधी नकाशावर एक बैठक झाली. प्रत्येक शाखेला आपापली खोली आपापल्या जागी हवी होती. बिनतारीवाल्यांना सगळ्यात वरची, शस्त्रागाराला खिडकी नसलेली, वाहतूक शाखेला पार्किंगजवळची. कागदावर तीन मजले होते. मागण्या ऐकून मला वाटलं आता ही इमारत पांढरकवड्यापर्यंत जाते. श्वानपथकाला मात्र मागितलं तेवढं सगळं मिळालं, कारण त्यांच्या वतीनं कुत्रा स्वतः हजर होता.

आर्किटेक्टनं भिंतीवर मोठं रंगीत चित्र लावलं. समोर सगळी काच, काचेत ढग, आणि अंगणात गोरीगोमटी माणसं लॅपटॉप घेऊन हसत हिंडताहेत. एका बाईच्या हातात फुगा. जमादार दाराशी उभे होते. त्यांच्यानं राहवलं नाही.

"साहेब, हे लोकं कोन होत?"

"हे नागरिक आहेत," आर्किटेक्ट म्हणाला.

"फिर्यादी का आरोपी?"

"तसं काही नाही हो. नुसते नागरिक. वातावरण प्रसन्न दाखवायचं असतं."

"मंग पोलीस टेशनात येऊन हसून काहून राह्यले?"

पोलिसांच्या मोठ्या साहेबांना अचानक खोकला आला. तो दोन मिनिटं थांबला नाही. पुढं काच कमी झाली आणि भिंत वाढली, त्याचं श्रेय मात्र मी आमच्या उन्हाळ्याला देतो. आमच्याकडच्या मे महिन्यात त्या काचेमागं बसलेला अधिकारी संध्याकाळपर्यंत पापडासारखा तळून निघाला असता.

पायाही सुखासुखी झाला नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की माझा मोजायचा टेप एका भेगेत पडला तो अजून पडतोच आहे. कान लावला तर आवाज येतो. ती सगळी माती काढली, मुरूम भरला, कॉलम उभे केले. जमादार रोज सकाळी कॉलमजवळ उभे राहून आपल्या उंचीशी ताडून पाहायचे, घरातलं पोर वाढतं का ते पाहावं तसे. कॉलम वाढत होते. आणि मग रेती आटली.

रेती नव्हती असं नाही. आमच्या ठेकेदारानं नदीच्या घाटावरची सरकारमान्य रेती घेतली होती, शिक्क्याची, पावतीची. पोलिसांच्या इमारतीला दुसरी वापरायची कोणाची छाती? अडचण रेतीची नव्हतीच. अडचण ती आणणाऱ्याची होती.

पहिला टिप्पर मारेगावकडून आला. जमादार फाटकात कडक वर्दीत उभे. रेती कुठं टाकायची ते दाखवायला त्यांनी हात वर केला. आता, फाटकात खाकी, खाकीवर मिशी आणि वर झालेला हात, हे पाहून आमच्याकडचा कोणता ड्रायव्हर पुढं येईल? त्यानं गाडी वळवण्यातही वेळ घालवला नाही. रिव्हर्स टाकला तो भरल्या गाडीनिशी दारव्ह्यापर्यंत उलटा गेला. त्याची मान अजून मागंच वळलेली आहे म्हणतात.

मी त्याला फोन केला. "अरे, तुझ्यापाशी कागद तर सारे बरोबर हायेत."

"रेतीचे हायेत," तो म्हणाला. "माहे नाहीत."

दुसऱ्याचं लायसन नव्हतं. तिसऱ्याचा मागचा दिवा गेलेला. चौथ्याचं सगळं ठीक होतं, पण त्याला लहानपणापासून पोलिसाची भीती वाटायची. आई जेवू घालताना पोलिसाचं नाव घ्यायची. जिल्ह्यातले सगळे टिप्पर आमच्या साइटला वळसा घालून जाऊ लागले. गवंडी सावलीत पाय पसरून बसले. मिक्सरमध्ये चिमणीनं घरटं केलं आणि त्यातून पिल्लं उडूनही गेली.

तिकडून मेव्हण्याचे फोन सुरूच. "कुठलोक आली बिल्डिंग?"

"आली, आली."

"फोटो टाका."

जमादारांनी साइटवर लावलेल्या आर्किटेक्टच्या चित्राचा फोटो पाठवला. उलट निरोप आला, "बिल्डिंग समजली. फुगेवाली बाई कोन होय?" त्यावरून ढाणकीत नव्यानं चर्चा सुरू झाली, आणि ती थांबवायला जमादारांच्या बायकोला खास माहेरी जाऊन यावं लागलं.

एक दिवस मी जमादारांना बाजूला घेतलं. म्हटलं, "जमादारसाहेब, राग मानू नका. रेती तुमच्या वर्दीले भिऊन राह्यली. थोडे दिवस साध्या कपड्यात बसा."

त्यांनी शर्टाचं बटण चाचपलं. म्हणाले, "माह्यी किती नोकरी उरली तुमाले माहीत हाय. तेवढे दिवस तरी हे आंगावर राहू द्या. मंग आहेच जिंदगीभर बनियान."

माझ्यासारख्याचीही वाचा बसली, अर्धा मिनिट तरी. पण डोकं बसत नाही. मी तडक मोठ्या साहेबांकडं गेलो आणि सांगितलं की साइटवर साध्या वेशातला माणूस पाहिजे. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, खिडकीतून रिकाम्या साइटकडं पाहिलं, आणि हुकूम काढला.

जमादारांना जन्मात साध्या वेशातली ड्युटी मिळाली नव्हती. ती गुन्हे शाखेच्या पोरांना मिळायची आणि हे त्यांच्याकडं पाहत परेडला उभे राहायचे. हुकूम हातात पडला तसे ते दहा वर्षांनी लहान झाले. दुसऱ्या दिवशी ज्योतिषी होऊन आले. कपाळाला गंध, गळ्यात माळा, आणि पायात लालभडक पॉलिशचे पोलिसी बूट. टिप्पर आला, बूट पाहिले, गेला. मग ते आंधळे होऊन आले. काळा चष्मा, हातात काठी. वेष उत्तम होता, पण साहेबांची जीप फाटकातून गेली की आंधळा उठून टाच जुळवायचा आणि खणखणीत सॅल्यूट ठोकायचा. असा आंधळा पाहून तर पायी जाणारे लोकही रस्ता बदलू लागले.

शेवटी बायकोनंच मार्ग काढला. डबा घेऊन साइटवर आल्या, नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी काहीच बनू नका. रविवारी घरी बसता तसे बसा." त्यांनी चौकड्याची लुंगी दिली, बनियान दिलं, खांद्यावर घाम पुसायचा दुपट्टा टाकला आणि तेल लावून मिशीची टोकं खाली बसवली. बाजेवर एक पाय वर घेऊन जमादार बसले ते साक्षात जगाचे काका दिसायला लागले.

संध्याकाळच्या आत टिप्पर फाटकात.

"काका, एथं एक मिशीवाला पोलीस होता न?" ड्रायव्हरनं खाली उतरत विचारलं.

"बदली झाली त्याची."

"बरं झालं. लई खतरनाक दिसे."

गाडी रिकामी होऊन गेल्याबरोबर जमादार धावत माझ्याकडं आले. चेहरा उजळलेला. "आयकलं का? खतरनाक म्हणे मले." नोकरीत पदक मिळालं नाही ते असं लुंगीत मिळालं.

आता रेतीचा पूर लोटला. पण त्याबरोबर दुसरंच काही लोटलं. ड्रायव्हर लोक गाडी खाली होईपर्यंत काकांच्या बाजेवर बसायचे, काका पाणी द्यायचे, आणि ते मोकळेपणी बोलायचे. "काका, मी तर पाच वर्षांपासून बिनलायसनची चालवून राह्यलो." "काका, माह्या गाडीले ब्रेक नावालेच हाय, मी गिअरवरच थांबवतो." "काका, नाक्यावर चेकिंग असली की मी मसणातून वळतो." हे सगळं कोणापुढं, तर तीस-पस्तीस वर्षं असलीच माणसं पकडायची स्वप्नं पाहिलेल्या पोलिसापुढं. जमादारांचं तोंड जांभळं व्हायचं. पोट फुगायचं. गाडी गेली की ते माझ्या सिमेंटच्या गोदामात शिरायचे आणि पोत्यांपुढं उभं राहून एकेक कलम म्हणून टाकायचे. त्या पोत्यांच्या काँक्रीटला आजवर तडा गेलेला नाही. कायद्यानंच धरून ठेवलं आहे ते.

"पकडा न मंग," मी म्हटलं.

"पकडलं तं रेती कोन आनीन? तुमी?"

"मंग सोडा."

"सोडलं तं वर्दी कायची?"

दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर गाडी रिकामी करून निघाला तर काका लुंगी सावरत गाडीपुढं उभे. "बाबू, एथं काय बांधून राह्यले माहीत हाय न? उद्या या एकेका खिडकीतून एकेक पोलीस पाहीन. तुह्या गाडीचा दिवा आतापासूनच लावून घे. लावल्याशिवाय मी फाटक उघडत नाही."

"काका, तुमाले कायले एवढं?"

"काका म्हणतं न? मंग मुकाट्यानं आयक."

लॉकअपच्या जाळ्या बनवणारे एक वेल्डर चाचा साइटवरच होते. गावात त्यांचं गॅरेज. त्यांना सगळं ठाऊक. ते मनातल्या मनात हसत दिवे जोडून द्यायचे, ब्रेक बांधून द्यायचे आणि मधूनच घात करायचे. "जमादार, ये वायर जरा... अरे तोबा, काका, काका, ये वायर पकडो जरा." एकेक करून गाड्या सुधारल्या. मग काकांनी लायसनचा लकडा लावला. ज्याला लायसन नाही त्याला पाणी नाही. आमच्या उन्हात पाणी नाही म्हणजे फाशीच. जो तो लायसन काढून येऊ लागला, आणि एक जण तर लायसनचे पेढे घेऊन आला. जमादारांनी पेढा खाल्ला, गोदामात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी आतून कलमांचा आवाज आला नाही.

इमारत उभी राहिली. मध्ये वेचणीच्या दिवसांत निम्मे मजूर कापसात गेले, एकदा टाइल्सचा ट्रक रंग चुकवून आला. तसं सगळीकडंच होत असतं. जमादारांच्या शेवटच्या महिन्यात हॉल रंगून तयार होता. खुर्च्या लागल्या, पंखे लागले, लिफ्ट वर-खाली जाऊ लागली. ढाणकीला टेम्पो ठरला.

आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची तारीख मिळेना. मुख्य दाराला लाल फीत बांधलेली, आणि उद्घाटन झाल्याशिवाय आत कार्यक्रम नाही, असा नियम. मोठ्या साहेबांनी जमादारांना बोलावून हे समजावून सांगितलं. जमादार "हो साहेब" म्हणाले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. वर्दीतला माणूस असा पायरीवर बसलेला मी कधी पाहिला नव्हता. खिशातला फोन वाजत होता, पडद्यावर मेव्हण्याचं नाव होतं, आणि ते उचलत नव्हते.

मी आत गेलो.

"साहेब, हॉलच्या माइकचं टेस्टिंग राहिलं आहे."

"करून घ्या."

"रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो साहेब. माणसं बसवून करावं लागेल."

"किती माणसं?"

"हॉल भरेल इतकी. ढाणकीहून एक टेम्पो येतोच आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "टेस्टिंगला शाल लागते?"

"शाल असली तर आवाजात फरक पडतो साहेब."

"आणि फीत?"

"मागच्या दाराला फीत नाही."

साहेब उठले, खिडकीशी गेले, पाठ माझ्याकडं करून म्हणाले, "टेस्टिंगला मी पण येतो. माइकची तक्रार नंतर नको."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सासुरवाडी मागच्या दारानं आत आली. मेव्हणा सगळ्यांत पुढं, मान वर करून छतच पाहत. जमादार कडक वर्दीत, मिशी पुन्हा वर. त्यांनी मेव्हण्याला लिफ्टनं वर आणलं, लिफ्टचंही टेस्टिंग म्हणून. मेव्हण्यानं आत लिफ्टची दांडी अशी धरली होती की बाहेर यायच्या वेळी दोघांनी मिळून बोटं सोडवली.

साहेब बोलायला उभे राहिले. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. या माणसानं आयुष्यभर प्रामाणिकपणे नोकरी केली. आवाज मागं येतो का?" मागून आवाज आला, "येते साहेब, आणखी सांगा." दुसरे अधिकारी उठले, "हॅलो, वन टू थ्री, जमादारांनी पोळ्याच्या बंदोबस्तात एकट्यानं दोन गोऱ्हे धरले होते." प्रत्येकानं टेस्टिंग केलं. इतका तपासलेला माइक महाराष्ट्रात दुसरा नसेल.

तेवढ्यात मागच्या दारानं सगळे टिप्परवाले आले. काका रिटायर होताहेत एवढंच त्यांना ठाऊक, धुतलेले शर्ट घालून आले होते. मंचावर पाहतात तर खाकीत, मिशी वर करून, तोच तो खतरनाक. रांग जागच्या जागी थिजली. मसणातून वळणाऱ्यानं तर हळूच पाऊल मागं घेतलं.

जमादारांनी माइक हातात घेतला. "बसा," ते म्हणाले. "हॅलो. बसा. तुमचे कागद मी पाह्यले नाहीत, आयकले हायेत. आता साऱ्यांचे बरोबर हायेत. जेवून जा."

टिप्परवाले बसले, पण पाठ टेकवून एकही बसला नाही. जेवताना रोडगे-वांग्याचा घास घेण्याआधी एक जण मला कानात विचारून गेला की काका खरंच उद्यापासून पोलीस नाहीत ना. मी म्हटलं, उद्यापासून नाहीत. तो म्हणाला, मग आणखी एक रोडगा आज नको, उद्या घरी येऊन खाईन.

जेवणं झाली, टेम्पो निघायला आला. सासुरवाडी चढून बसली, मेव्हणा तेवढा खाली उभा राहिला. दोन्ही हात कमरेवर ठेवून तो इमारतीकडं पाहत होता. पायथ्यापासून गच्चीपर्यंत, मग परत गच्चीपासून पायथ्यापर्यंत. टेम्पोतली सगळी डोकी बाहेर. जमादार शाल सावरत त्याच्या बाजूला उभे, नजर समोर, परेडला उभे राहावं तसे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता येणार होतं.

"दादा, कशी वाटली बिल्डिंग?" शेवटी जमादारांच्या बायकोनंच विचारलं.

मेव्हण्यानं घसा साफ केला. "चांगली हाय," तो म्हणाला. "पण घाईत बांधली."

आणि टेम्पोत चढला. टेम्पो फाटकाबाहेर जाऊन दिसेनासा होईपर्यंत जमादार हलले नाहीत. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडणार, तोच ते बायकोकडं वळले.

"आयकलं का?" ते हळूच म्हणाले. "चांगली हाय म्हणे."